होर्डिंग : प्रमाणपत्राच्या पलीकडे

होर्डिंगसाठी, म्हणजे मोठ्या जाहिरात फलकासाठी, दरवर्षी स्ट्रक्चरल स्टॅबिलिटी सर्टिफिकेट (बांधणी भक्कम असल्याचा अभियंत्याचा दाखला) घेतलं की पुरे, असं म्हटलं जातं. ते पुरत नाही. सर्टिफिकेट बऱ्याचदा जमिनीवरच्या सांगाड्यापुरतं असतं, आणि होर्डिंग उलटतं ते पायापासून.

हिशोब सोपा आहे. आयएस 875 भाग 3 या वाऱ्याच्या भाराबद्दलच्या भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग 44 मीटर प्रति सेकंद धरलाय. वेगाचा वर्ग गुणिले 0.6, म्हणजे चौरस मीटरला साधारण 1160 न्यूटन. 40 बाय 40 फुटांच्या फलकावर ढोबळमानाने साडेसतरा टन जोर येतो (उंची, भूभाग वगैरे गुणक वेगळे). 13 मे 2024 ला घाटकोपरला कोसळलेला फलक महापालिकेच्या तेव्हाच्या माहितीनुसार 120 बाय 120 फुटांचा होता, म्हणजे महापालिकेच्या 40 बाय 40 च्या मर्यादेच्या नऊपट क्षेत्रफळाचा. जोर नऊपट, शिवाय तो लागू होण्याचा बिंदूही वर सरकलेला, त्यामुळे उलटवणारा मोमेंट (जोर गुणिले उंची) आणखी वाढतो. 17 माणसं गेली तिथे.

म्हणून तपासणीत पायाशेजारी खड्डा खणून काँक्रीटची खोली आणि लांबी-रुंदी मोजून नकाशाशी ताडा. बेसप्लेटखाली (खांबाच्या तळाच्या पोलादी पट्टीखाली) पाणी साचतं, तिथे खांब काँक्रीटला जखडणारा अँकर बोल्ट आतून गंजतो आणि वरून रंग मात्र ताजा असतो. नट काढून बोल्टचा व्यास कॅलिपरने मोजल्याशिवाय शेरा देऊ नये. वेल्डच्या कडेची केसासारखी चीर तर रंग खरवडल्याशिवाय दिसतच नाही.

आणि जमीन रेल्वेची असो वा सरकारी खात्याची, परवानगी व मापाची मर्यादा एकच हवी. वारा मालकी बघत नाही.