मदत हवी आहे: डिटेक्टर मेलाय की रस्ता अडलाय, कसं ओळखू?

नमस्कार मंडळी. पदव्युत्तर प्रकल्पासाठी द्रुतगती मार्गावरचा अपघात आपोआप ओळखून फलकांवर इशारा देणारी यंत्रणा करतोय. सगळं अजून सुमो या वाहतुकीच्या सिम्युलेटरमध्येच आहे. एका दिशेला दोन लेन, दर किलोमीटरला लूप डिटेक्टर (वरून जाणारी गाडी ओळखणारं, रस्त्यात पुरलेलं तारेचं वेटोळं), दर ३० सेकंदांनी गाड्यांची संख्या आणि ऑक्युपन्सी (डिटेक्टरवर गाडी असल्याच्या वेळेचं प्रमाण). कॅलिफोर्निया अल्गोरिदम वापरलाय, म्हणजे मागच्या-पुढच्या डिटेक्टरच्या ऑक्युपन्सीतला फरक बघायचा.

दोन डिटेक्टरच्या बरोबर मध्ये दोन्ही लेन बंद पाडल्या तर अलार्म वाजायला दोन मिनिटांहून जास्त लागतात. थ्रेशोल्ड (किती फरकाला अलार्म वाजवायचा ती मर्यादा) खाली आणला की खोट्या अलार्मचा पाऊस. त्यात डिटेक्टर मेला तरी शून्य आणि रस्ता अडला तरी शून्य! न्यूरल नेटवर्क लावू का?

प्रतिसाद १
थांबा, आधी कागदावर गणित करा. दर लेनला ताशी १५०० गाड्या आणि वेग ताशी ८० किमी धरला, तर किलोमीटरला साधारण १९ गाड्या होतात. थांबलेल्या रांगेत १२० धरा. रांगेचं शेपूट मागे सरकण्याचा वेग १५०० भागिले १०१ (१२० वजा १९), म्हणजे ताशी जेमतेम १५ किमी. ५०० मीटर मागच्या डिटेक्टरपर्यंत यायलाच तिला दोन मिनिटं लागतात. नेटवर्क कितीही हुशार असलं तरी रांग लवकर पोचणार नाही.

पुढे बघा. अडथळ्याच्या पुढे निघून गेलेली शेवटची गाडी २२ सेकंदांत पुढचा डिटेक्टर ओलांडते. त्यानंतरची अख्खी ३० सेकंदांची खिडकी रिकामी गेली आणि मागचा डिटेक्टर नेहमीसारखा मोजत असेल, तर संशय घ्या. डिटेक्टर मेला असेल तर त्याच्याही पुढचा मोजतच राहील. खरंच अडलं असेल तर ४५ सेकंदांनी तोही रिकामा होईल.

प्रतिसाद २
रात्री हे चालणार नाही. ताशी १०० गाड्या असतील तर ३० सेकंद रिकामे जाणं अगदी रोजचं. तिथे कॅमेरा हवा, नाहीतर गाडीनेच कळवायला हवं. युरोपीय संघात ३१ मार्च २०१८ पासून नव्या मॉडेलच्या गाड्यांना ई-कॉल (अपघात झाल्यावर गाडीने आपोआप मदतीसाठी करायचा फोन) सक्तीचा आहे तो त्यासाठीच. आणि डिटेक्टरची घड्याळं जुळलेली आहेत ना? सिम्युलेटरमध्ये ती आपोआप जुळतात, रस्त्यावर नाही.

धागाकर्ता
पुढचा डिटेक्टर बघायचं डोक्यातच आलं नव्हतं! पण नुसत्या संशयावर फलकावर लेन बंदची फुली दाखवू?

प्रतिसाद १
मुळीच नको. संशयावर फक्त वेगमर्यादा खाली आणा. चुकलात तर गाड्या जरा हळू गेल्या, एवढंच. लेन बंद करणं ऑपरेटरने कॅमेऱ्यात बघितल्यावरच. आणि केंद्राशी संपर्क तुटला तर फलक कोरा होऊ देऊ नका, शेवटची वेगमर्यादा तशीच ठेवा. ही चाचणी सुमोमध्ये मुद्दाम लाइन तोडून करा, परीक्षक हमखास विचारतात.