फुटबॉल आणि ॲथलेटिक्स एकाच स्टेडियममध्ये: खुर्च्या सरकत्या कराव्यात का?

धावपट्टी: आर्किटेक्चरचं शेवटचं वर्ष. प्रोजेक्टला तीस हजार क्षमतेचं स्टेडियम घेतलंय. सर म्हणतात, ट्रॅक काढून टाक. मी स्वतः चारशे मीटर धावते, मला तो हवाच आहे. पण मग फुटबॉलचा प्रेक्षक फार लांब जातो. चारही बाजूंच्या पुढच्या रांगा सरकत्या केल्या तर?

जुना ड्राफ्ट्समन: ट्रॅक अजिबात काढू नका. धावणाऱ्यांना हक्काची जागा आधीच कमी मिळते. पण चारही बाजू कशाला हलवताय? अंतरं काढून बघा. वळणाची त्रिज्या ३६.५ मीटर, सरळ भाग ८४.३९. आत १०५ बाय ६८ चं मैदान बसवलं, की टचलाइनपासून (मैदानाच्या लांब बाजूच्या रेषेपासून) आठव्या लेनची बाहेरची कड साधारण १२ मीटरवर येते. हे चालून जातं. गोलमागे मात्र तेच अंतर ३६ मीटर! खरं दुखणं तिथे आहे. आणि कॉर्नर फ्लॅगपासून ट्रॅकची आतली कड जेमतेम मीटरभर. कॉर्नर घेणारा ट्रॅकवरूनच धावत येणार. तिथे कृत्रिम गवत अंथरायची सोय आत्ताच दाखवा.

गोलमागचा: पॅरिसच्या स्टाद द फ्रान्समध्ये पंचवीस हजार खुर्च्यांचा खालचा स्टँड १५ मीटर मागे जातो आणि ट्रॅक मोकळा होतो.

जुना ड्राफ्ट्समन: हो, पण ते १९९८ ला उघडलं तेव्हापासूनच तसं आखलेलं. लंडनचं २०१२ चं ऑलिंपिक स्टेडियम नंतर फुटबॉलसाठी बदललं, तिथे खुर्च्या पुढेमागे करायचा खर्च अंदाजाच्या कितीतरी पट झाला. शिवाय खालचा स्टँड पुढे आणला की वरच्या आणि त्याच्यामध्ये मोठी फट पडते.

धावपट्टी: म्हणजे लांब बाजू पक्क्या, फक्त गोलमागचे दोन स्टँड सरकते?

जुना ड्राफ्ट्समन: मी तेच करेन. फक्त सेक्शन (स्टँडचा उभा छेद) नीट काढा: प्रत्येक रांगेतल्या माणसाची नजर पुढच्याच्या डोक्यावरून जाऊन गोललाइनला टेकली पाहिजे. स्टँड पुढे आला की ती रेषा जवळ येते, म्हणून पायऱ्या जास्त उभ्या लागतात. मागच्या जागेवरून हिशेब केलात तर पुढे आल्यावर गोललाइन दिसणारच नाही. आणि सरकत्या स्टँडच्या चाकांचा भार ट्रॅकच्या सिंथेटिक थरावर येऊ देऊ नका, त्याला वेगळा पक्का आधार द्या.