१० बाय १२ च्या मशरूम खोलीला कोणता एक्झॉस्ट घेऊ? बजेट ३ हजार

सिन्नरवाला
नमस्कार मंडळी. घरामागे १० बाय १२ ची खोली आहे, उंची १० फूट, वर पत्रा. डिसेंबरपासून धिंगरीचे (ऑयस्टर मशरूमचे) १०० बेड, म्हणजे मशरूम उगवायच्या पिशव्या, टांगलेत. थंडीत माल छान निघाला पण आता फेब्रुवारी सरत आलाय, दुपारी आत ३३ दाखवतंय आणि मशरूमचे देठ लांबच लांब, टोपी रुपयाएवढी. एक्झॉस्ट लावून खोली थंड करायचीये. ६ इंची, ९ इंची की १२ इंची? मागच्या भिंतीत वरच्या बाजूला ६ इंचाची दोन भोकं आधीचीच आहेत. बजेट ३ हजार, त्यातच वायरिंग आलं. आधीच थँक्यू.

बटन_पुणे
एक्झॉस्टच्या नादी लागू नका, सरळ दीड टनाचा इन्व्हर्टर एसी बसवा. माझ्याकडे बटन मशरूम आहे, तीन वर्षं झाली, मे महिन्यातसुद्धा आत १७ च्या वर जात नाही. एकदाच पैसे जातात पण डोक्याला ताप नाही.

निफाडकर
साहेब ते ३ हजार म्हणतायत. आणि बटनला १४ ते १८ लागतं, धिंगरीला २० ते २८ चालतं, दोन्हीचा हिशोब वेगळा. एसी आतलीच हवा फिरवतो, बाहेरची ताजी हवा कुठून येणार? सिन्नरकर भाऊंचे देठ लांब झालेत ते आत कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे, एकट्या उष्णतेमुळे नाही.
मी क्रॉम्प्टनचा ९ इंची लावलाय, चौथं वर्ष चालू आहे, एकदाही खोलला नाही. डोळे झाकून घ्या.

धिंगरीताई
खोलला नाही म्हणजे साफही केला नाही का दादा? दर आठवड्याला पाती पुसावी लागतात, धिंगरीचे बीजाणू पिठासारखे बसतात त्यावर. माझं तर यातच मोठं नुकसान झालं. पंख्याचं तोंड शेजारच्या काकूंच्या गच्चीकडे होतं, त्यांनी कुरडया वाळत घातलेल्या, दोन दिवसांत पांढरी भुकटी बसली सगळ्यावर. आख्खा घाणा मला भरून द्यावा लागला, आजही त्या बोलत नाहीत. आणि मला स्वतःला दोन महिने खोकला, डॉक्टरांनी विचारलं तेव्हा कुठे लक्षात आलं. भाऊ, पंखा कुठे फेकणार ते आधी बघा आणि काढणीला मास्क लावल्याशिवाय आत जाऊ नका. टोपीच्या कडा वर वळायच्या आधीच तोडा म्हणजे भुकटी कमी.

वायरमन_नगर
साइज अंदाजाने घेऊ नका, हिशोब करा. १० गुणिले १२ गुणिले १० म्हणजे १२०० घनफूट. तीन मिनिटांत एकदा हवा बदलायची तर मिनिटाला ४०० घनफूट, म्हणजे ४०० सीएफएम. डब्यावर घनमीटर प्रति तास छापलं असेल तर १.७ ने भागा. जाळी लावली की पंखा ओढतो कमी म्हणून थोडा वरचाच घ्या. बोर्ड खोलीच्या बाहेर घ्या, अर्थिंग तपासा. ८५-९० टक्के दमटपणात आतला स्विच म्हणजे झटका ठरलेला, मी खाल्लाय, डावा हात संध्याकाळपर्यंत बधिर होता. बॉल बेअरिंगचा घ्या, बुशवाला दमटपणात लवकर जाम होतो.

चिपळूणची_वाडी
मी १२ इंची लोखंडी घेतला, दुकानदार म्हणाला मोठा घ्या. दोन पावसाळ्यांत गंजून गेला. आवाज असा की रात्री झोप नाही. प्लास्टिक बॉडीच घ्या.

निफाडकर
मी पण तेच म्हणतो, ९ इंची प्लास्टिक.

बटन_पुणे
कार्बन डायऑक्साइड जड असतो, खाली बसतो. त्यामुळे एक्झॉस्ट खाली पाहिजे, वर लावून काय उपयोग?

वायरमन_नगर
हवा हलती असली की तो खाली बसून राहत नाही, मिसळतो. वर पत्रा आहे, गरम हवा वर तुंबते, म्हणून एक्झॉस्ट वरच. समोरच्या भिंतीला खाली हवा आत यायची खिडकी ठेवा, पंख्याच्या तोंडापेक्षा मोठी. ती नसेल तर कितीही भारी पंखा आणा, ओढणार काय?

धिंगरीताई
हे अगदी खरं. आम्ही पहिल्या वर्षी खिडकी ठेवलीच नव्हती. दाराच्या फटीतून शिट्टी वाजायची आणि अंगणातली धूळ बारक्या माश्यांसकट आत. खिडकीला बारीक जाळी लावा, साधी मच्छरदाणी नको, त्यातून मशरूमची माशी आरामात जाते.

बटन_पुणे
खालचा कार्बन डायऑक्साइड काढायला वेगळं भोक लागतंच, मी ठाम आहे.

गावठी_शेतकरी_बारामती
मूळ प्रश्नाचं कोणी बोलतच नाहीये. भाऊ, एक्झॉस्टने खोली थंड होत नाही. बाहेर ३७ असेल तर पंखा ३७ चीच हवा आत आणणार. थंडावा पाण्याने येतो. खिडकीवर गोणपाटं दुहेरी टांगा, वर भोकाचा पाइप टाकून ओली ठेवा, समोरून एक्झॉस्ट ओढू दे. आपल्याकडे उन्हाळ्यात हवा कोरडी, बाहेर ३७ असताना माझ्या खोलीत २८-२९ राहतं. पत्र्यावर चुना मारा आणि उसाचं पाचट पसरा, पंख्याच्या आधी हे करा. पाचट टाकल्यावर पत्र्याला आतून हात लावून बघा, फरक कळेल.

चिपळूणची_वाडी
गोणपाटाचा काही उपयोग होत नाही. मी केलंय. भिजलेलं गोणपाट नुसतं बुरसटलं, तापमान एक डिग्री उतरलं नाही.

गावठी_शेतकरी_बारामती
ताई कोकणातली हवा मुळातच दमट, पाणी उडणार कुठे? सिन्नरला एप्रिलमध्ये ओला टॉवेल अर्ध्या तासात कडक होतो. आमच्याकडेही जुलैत गोणपाट काढूनच ठेवतो.

निफाडकर
पण पंखा दिवसभर लावू नका हां. मी सलग चालू ठेवला होता तर पिनहेड (मशरूमचे कोवळे कोंब) सगळे पिवळे पडून वाळले. तासाला दहा मिनिटं, टायमर लावून. आणि नवीन बेड भरल्यावर पहिले १५-२० दिवस आत मशरूमची बुरशी पसरेपर्यंत ताज्या हवेची गरजच नसते.

सिन्नरवाला
सगळ्यांचे मनापासून आभार. कुरडयांचं वाचून आधी शेजारी जाऊन बघितलं, आमच्या मागे बोडकं शेत आहे, चिंता नाही.
सगळे ९ इंची म्हणतायत पण मी ६ इंचीचे दोन घेतले, प्लास्टिक, बॉल बेअरिंग. अकराशेला एक. भोकं तयार आहेत, भिंत फोडायची नाही, एक बंद पडला तर दुसरा चालू राहतो, रात्री एकच लावता येतो. ४५० चा टायमर, जाळी घरचीच. वायरिंग मेव्हण्याने केलं, बोर्ड बाहेरच घेतला.

वायरमन_नगर
दोन्ही मिळून ४०० ला पोचणार नाहीत. डब्यावरचा आकडा बघा.

सिन्नरवाला
बघितला दादा, जाळी धरून ३०० च्या आसपास येईल. म्हणून बेड १०० वरून ६० वर आणतोय. एप्रिल-मेमध्ये गोणपाट लावून खोली ओढत नेण्यापेक्षा बंद ठेवणार, तेव्हा विहिरीचं पाणी जनावरांनाच पुरत नाही आमच्याकडे.

गावठी_शेतकरी_बारामती
मग उन्हाळ्यात दुधी अळिंबी (दुधी मशरूम) करा ना, तिला ३०-३५ चालतं. खोली रिकामी कशाला ठेवता? पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबी प्रकल्प आहे तिथे चौकशी करा.

सिन्नरवाला
दुधीला वरून माती द्यावी लागते ना, ते यंदा नको. पाचट मात्र कालच टाकलं पत्र्यावर. आज दुपारी दीडला आत २९, परवा याच वेळेला ३३ होतं. पंखे अजून लावलेलेसुद्धा नाहीत.