शेवरोले ३५० ला १.५ ऐवजी १.६ चे रॉकर: नुसते बदलून चालेल का?

काळा_प्लग:
स्मॉल ब्लॉक शेवरोले ३५० (३५० घनइंचाचं व्ही-८ इंजिन) आहे. जुनी लोखंडी हेड, हायड्रॉलिक फ्लॅट टॅपेट कॅम (कॅमवर चालणारे लिफ्टर सपाट तळाचे, आत तेल भरलेले). लोबची (कॅमवरच्या उंचवट्याची) लिफ्ट, म्हणजे उचल, ०.३०० इंच, म्हणजे ती दीडपट करून देणाऱ्या १.५ च्या रॉकरवर व्हॉल्व्ह ०.४५० इंच उघडतो. कॅम न काढता थोडी ताकद वाढवायची आहे, म्हणून १.६ चे रोलर रॉकर घ्यायचा विचार आहे. स्प्रिंग, पुशरॉड (लिफ्टरपासून रॉकरपर्यंतच्या दांड्या) आणि रॉकर ज्यावर बसतात ते ३/८ इंचाचे ठोकून बसवलेले स्टड, सगळं मूळचंच. सोळाही बदलू की फक्त इनटेकचे आठ? आणि पिस्टनला व्हॉल्व्ह लागायची कितपत भीती?

डायल_गेज:
०.३०० गुणिले १.६ म्हणजे ०.४८०. लिफ्ट ३० थाऊ (इंचाचे हजारावे भाग) वाढते. पण पिस्टनची भीती सगळे चुकीच्या जागी धरतात. व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो तेव्हा पिस्टन बराच खाली गेलेला असतो. धोका ओव्हरलॅपच्या (दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी थोडे उघडे असतात तेव्हाच्या) आसपास असतो: इनटेकला टीडीसीनंतर (पिस्टन अगदी वर पोचल्यानंतर) साधारण १० अंशांवर, एक्झॉस्टला टीडीसीआधी १० अंशांवर. तिथे इनटेक समजा ०.१५० उघडा असेल, तर १.६ वर तो ०.१६० होईल. म्हणजे गॅप १० थाऊनेच कमी होतो. इनटेकला किमान ०.०८० आणि एक्झॉस्टला ०.१०० इंच उरला पाहिजे.

मोजताना त्या सिलेंडरला हलक्या चेकिंग स्प्रिंग आणि सॉलिड लिफ्टर लावा. हायड्रॉलिक लिफ्टर आत दबला तर माप खोटं येतं. डायल गेज रिटेनरवर (स्प्रिंग वरून धरणाऱ्या टोपीवर) टेकवा, क्रँक त्या अंशावर आणा आणि व्हॉल्व्ह पिस्टनला टेकेपर्यंत बोटाने दाबा. गेज जेवढं फिरेल तेवढा गॅप.

तुमच्या बाबतीत पिस्टनच्या आधी स्प्रिंगच अडतील असं वाटतं. उदाहरणार्थ, स्प्रिंगची बसवलेली उंची १.७०० आणि वेटोळी एकमेकांना टेकतात ती उंची १.१८० असेल, तर हातात ०.५२० उरतात. त्यातून ०.०६० राखीव काढले की ०.४६०. म्हणजे १.५ पास, १.६ नापास. रिटेनरचा तळ आणि व्हॉल्व्ह सील यांच्यातही पूर्ण लिफ्टला ०.०६० हवा. ही दोन मापं घेतल्याशिवाय रॉकरची ऑर्डर देऊ नका.

पुशरॉड_५_१६:
स्टडबद्दल कोणी बोललं नाही. स्प्रिंगचा रेट इंचाला ३०० पौंड धरला तर ३० थाऊ जास्त दाबायला ९ पौंड जास्त लागतात. व्हॉल्व्हवर २५० चे २५९ झाले. पण पुशरॉडवर तो जोर रॉकरच्या रेशोने (१.५ किंवा १.६ ने) गुणून येतो: आधी ३७५, आता ४१४ पौंड. फ्लॅट टॅपेट कॅमच्या लोबवर हा भार थेट येतो, त्यामुळे झिंक-फॉस्फरस भरपूर असलेलं तेलच वापरा. ठोकलेले स्टड कडक स्प्रिंगखाली हळूहळू वर सरकतात, मग त्या व्हॉल्व्हचं सेटिंग टिकत नाही, टकटक सुरू होते. नवीन स्प्रिंग लागणारच असतील तर हेड काढून चुडीचे स्टड बसवून घ्या.

दुसरं म्हणजे रेशो वाढवताना रॉकरमधला पुशरॉडचा कप स्टडच्या जवळ येतो. या हेडमध्ये पुशरॉडला सरळ धरायचं काम हेडचं भोकच करतं, आणि भोकाच्या स्टडकडच्या कडेला तो घासू लागतो. इंजिन हाताने फिरवत प्रत्येक भोकात बॅटरी मारून बघा. पुशरॉडवर चकाकणारी रेघ दिसली की घासतोय. भोक स्टडच्या दिशेने लांबवा, पण रुंद अजिबात करू नका. रुंद झालं तर रॉकर व्हॉल्व्हवरून आडवा सरकतो. तसं झालंच तर गाइड प्लेट (पुशरॉडला सरळ धरणारी पट्टी) आणि कडक केलेले पुशरॉड. रॉकरच्या टोकाला स्वतःच्या कडा असतील तर मात्र गाइड प्लेट लावायची नाही. दोन्ही एकत्र आले की एकमेकांशी भांडतात.

काळा_प्लग:
आभारी आहे. म्हणजे आधी स्प्रिंगची मापं. इनटेक-एक्झॉस्टचं काय? आणि पुशरॉडची लांबी तीच ठेवू का?

ओव्हरलॅप:
०.४५० च्या वर हेडमधून हवा जास्त जातच नसेल, तर शेवटचे ३० थाऊ फुकट. तरीही थोडा फायदा राहतो, कारण व्हॉल्व्ह प्रत्येक अंशावर ६.७ टक्के जास्त उघडा असतो. हेडचे फ्लोचे आकडे मिळाले तर एक्झॉस्टचा फ्लो इनटेकच्या मानाने बघा. तो चांगला असेल तर एक्झॉस्टला १.५ च ठेवा, आठ स्प्रिंगचा भारही वाचतो. कमजोर असेल तर सोळाही बदला. आणि रॉकरवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. पत्र्याचे मूळ रॉकर बरेचदा १.५ पेक्षा कमीच भरतात. पुशरॉडची आणि व्हॉल्व्हची लिफ्ट गेजने मोजून भागाकार करा.

लांबी गृहीत धरू नका. व्हॉल्व्हच्या टोकाला मार्कर फासा, इंजिन दोन फेरे फिरवा, रॉकर काढून खूण बघा. खूण अरुंद आणि मध्यावर हवी. एक्झॉस्टच्या बाजूला गेली तर पुशरॉड लांब, इनटेकच्या बाजूला गेली तर आखूड. मग अ‍ॅडजस्टेबल पुशरॉडने नेमकी लांबी काढा.

सेटिंग करताना लिफ्टर कॅमच्या गोल पाठीवर आणा, पुशरॉडची वर-खाली ढिलाई जाईपर्यंत नट आवळा आणि तिथून अर्धा फेरा. ३/८ च्या स्टडला इंचात २४ आटे असतात, म्हणजे अर्ध्या फेऱ्यात नट २१ थाऊ खाली येतो. पुशरॉड बोटांत फिरवून 'जड लागला' म्हणून थांबू नका, लिफ्टरची स्प्रिंग मऊ असते आणि तोवर तो बराच दबलेला असतो. आणि रोलर रॉकर उंच असतात. झाकणाच्या आतले तेलाचे पत्रे त्यांना लागतात, तेव्हा गॅस्केट लावण्याआधी झाकण नुसतं ठेवून क्रँक पूर्ण दोन फेरे फिरवा.