मदत हवी आहे: इटलीतला फॅसिझमविरोधी लढा

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनमंडळात इटलीतल्या फॅसिझमविरोधी लढ्यावर बोलायचंय. बहुतेक जण गोष्ट सप्टेंबर १९४३ पासून सुरू करतात: इटलीची दोस्त राष्ट्रांशी शस्त्रसंधी, जर्मनांचा ताबा, मग डोंगरात गेलेले पार्टिझान (म्हणजे सशस्त्र गनिमी लढवय्ये). मला ते पटत नाही. समाजवादी खासदार माटेओटींचा खून १९२४ चा, कम्युनिस्ट नेते ग्राम्शींना अटक १९२६ ची, फॅसिझमविरोधी रोसेल्ली बंधूंना फ्रान्समध्ये मारलं ते १९३७ साली. हे सगळं गाळायचं कसं?

अडलंय ते व्हिया राझेल्लापाशी. २३ मार्च १९४४ ला रोममधल्या या रस्त्यावर पार्टिझानांनी केलेल्या हल्ल्यात ३३ जर्मन पोलीस मेले. दुसऱ्याच दिवशी नाझींनी सूड म्हणून रोमजवळच्या आर्देआतिनेच्या खाणींत ३३५ जणांना गोळ्या घातल्या. हल्ला योग्य होता का, यावर इटलीत पुढे वर्षानुवर्षं वाद झाले. दोन्ही बाजू नीट मांडणारं काही सुचवाल? मराठीत असेल तर उत्तमच, इंग्रजीही चालेल.

आणखी एक. मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे (व्हिक्टोरिया क्रॉस, मरणोत्तर) जुलै १९४४ मध्ये इटलीतच टायबर नदीच्या खोऱ्यात लढताना गेले. त्या पलटणींतल्या कुणाची पत्रं घरात असतील, तर त्यांत पार्टिझानांचा उल्लेख सापडतो का? नुसत्या चार ओळी टंकून दिल्यात तरी पुरे.