सान्वा जेएलएफ करकरतेय आणि उजवी दिशा चुकतेय: वंगण कुठे, कोणतं आणि किती?

डावाहात

माझी आर्केड जॉयस्टिक सान्वा कंपनीची जेएलएफ-टीपी-८वायटी आहे. चौकोनी गेट (दांड्याची हालचाल अडवणारी खालची चौकट), मूळ स्प्रिंग, पुढे यूएसबी एन्कोडर (स्विचचे संकेत संगणकाला देणारं बोर्ड). दोन तक्रारी आहेत. गोल फिरवताना वरच्या उजव्या कोपऱ्याजवळ करकर आवाज येतो. आणि उजवीकडे पटकन दोनदा मारलं तर दुसरा फटका कधी लागतो, कधी नाही. हळू ढकलली तर उजवी दिशा प्रत्येक वेळी लागते.

स्टिक आजवर उघडलेली नाही. उघडायची झाली तर कुठवर उघडावी? शिवणयंत्राचं तेल किंवा डब्ल्यूडी-४० चालेल का, की ग्रीसच हवं? मायक्रोस्विचमध्येही (दिशा ओळखणारे छोटे स्विच) काही सोडायचं असतं का? हाताशी मल्टीमीटर, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि साधी हत्यारं आहेत.

तांब्याची_तार

उघडण्याआधी एक गोष्ट नक्की करा: दुसरा फटका हरवतो तेव्हा स्विच *लागत* नाही की *सुटत* नाही? दोन्हीची लक्षणं खेळताना सारखीच दिसतात, उपाय मात्र एकदम वेगळे.

विंडोजमध्ये जॉय डॉट सीपीएल (गेम कंट्रोलर तपासायची खिडकी) चालवा, किंवा कुठलंही इनपुट दाखवणारं साधन. उजवीकडे झटपट दोनदा मारा आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये स्क्रीन आणि हात दोन्ही येतील असं चित्रण करा. नुसत्या डोळ्यांना हे दिसणार नाही, कारण ६० फ्रेमच्या खेळात एक फ्रेम जेमतेम १६.७ मिलिसेकंदांची असते. दोन फटक्यांच्या मध्ये उजवी खूण विझतच नसेल तर दांडा मधोमध वेळेवर परत येत नाही, म्हणजे दोष यांत्रिक आहे. विझते पण पुन्हा लागत नाही, असं असेल तर स्विचचे संपर्क किंवा वायरिंग.

मल्टीमीटरची तपासणीही करून टाका, पाच मिनिटांचं काम आहे. यूएसबी काढा, जॉयस्टिकची पाच पिनांची जोडणी सोडवा. सान्वाच्या नेहमीच्या हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) काळी वायर ग्राउंड असते. काळी आणि एकेक रंगीत वायर धरून ओहम मोजा. स्विच दाबलेला असताना वाचन मीटरच्या वायरींच्या स्वतःच्या रोधाइतकंच, म्हणजे साधारण १ ओहमच्या आत हवं. दहा-वीस ओहमवर वर-खाली नाचत असेल तर संपर्कांवर थर जमलाय.

एक गोष्ट इथे हमखास गोंधळात टाकते. दांडा मधल्या पिव्हटवर, म्हणजे त्याला धरणाऱ्या गोलाकार तुकड्यावर, डोलतो, त्यामुळे वरचं टोक उजवीकडे गेलं की खालचं टोक डावीकडे जातं. 'उजवी' दिशा देणारा स्विच स्टिकच्या डाव्या अंगाला असतो. त्यात खालून पाहताना डावं-उजवं आणखी एकदा उलटतं. अंदाज बांधत बसू नका. गेट काढून एकेक स्विच बोटाने दाबा आणि स्क्रीनवर कुठली दिशा लागते ते पाहून त्यावर खूण करा.

डावाहात

चित्रण केलं. खूण विझत नाही, दोन फटक्यांच्या मध्ये उजवी लागलेलीच राहते. चारही दिशांचा रोध ०.४ ते ०.६ ओहम, स्थिर आहे. म्हणजे स्विच ठीक धरायचे?

पिव्हटचा_पहारेकरी

स्विच ठीक आहेत, त्यांना हात लावू नका. आवाज आणि हरवणारा फटका यांचं मूळ बहुतेक एकच आहे: पिव्हट कोरडा पडलाय, किंवा जुनं ग्रीस धुळीत मिसळून घट्ट झालंय. घर्षण वाढलं की स्प्रिंगची ताकद तेच मोडण्यात खर्च होते आणि दांडा मध्यावर आळसावतो.

तरी पूर्ण उघडण्याआधी वरची बाजू बघा. दांड्याच्या वरच्या टोकाचा, हातात धरायचा गोळा काढा. दांड्याच्या खालच्या टोकाला खाच असते, तिथे चपटा स्क्रू ड्रायव्हर धरून गोळा हाताने डावीकडे फिरवायचा. एलबी-३५ गोळ्याचे आटे एम६ आहेत, जोर लागत नाही. मग दांड्यावरची नळी आणि धूळ अडवणारी चकती काढून नुसत्या दांड्याने गोल फिरवा. आवाज गेला तर चकती पॅनेलच्या पत्र्याला घासत होती. चकती आणि पॅनेल पुसून घेतलं की काम झालं, तिथे ग्रीस लावू नका. ती जागा उघडी असते, चिकट झाली की धूळ धरते.

आवाज राहिला तर आत जायचं.

१. जॉयस्टिक पॅनेलवरून सोडवून उलटी करा. गेट चारही कोपऱ्यांतले खटके दाबून निघतं. एकाच बाजूने उचकटू नका, खटके तुटतात.

२. स्विचचं बोर्ड सरळ वर उचला. ते बाजूला, कोरड्या कापडावर ठेवा. काम संपेपर्यंत ना अल्कोहोल, ना ग्रीस त्याच्याजवळ आणायचं.

३. आता ई-क्लिप, म्हणजे दांड्याभोवतीच्या खाचेत बसणारी धातूची छोटी कडी. ॲक्चुएटर, म्हणजे स्विच दाबणारा काळा गोल तुकडा, बोटाने आत दाबून धरा म्हणजे क्लिपवरचा स्प्रिंगचा ताण जाईल. चपट्या स्क्रू ड्रायव्हरने क्लिप उघड्या बाजूकडून ढकला आणि दुसरा हात वर आडवा धरा. अख्खी स्टिक पारदर्शक पिशवीत घालून हे केलं तर उत्तम, क्लिप उडाली तरी पिशवीतच राहते.

४. यापुढे जे ज्या क्रमाने निघेल ते त्याच क्रमाने ओळीत मांडा आणि फोटो काढा. स्प्रिंगचं कुठलं टोक वर होतं तेही बघा, काही मॉडेलमध्ये ती एका टोकाला रुंद असते.

सफाईला अल्कोहोलात भिजवलेला कापूस पुरे. पिव्हटचा गोलाकार भाग, तो ज्या खोबणीत बसतो ती, पिव्हटमधलं भोक आणि दांडा, जुनं ग्रीस पूर्ण निघेपर्यंत पुसा. नव्या ग्रीसखाली जुनं राहिलं तर दोन्ही मिसळून चिकट गोळे होऊ शकतात. खोबणीत पांढरी पूड दिसली तर ते झिजलेलं प्लास्टिक आहे. थोडी असेल तर पुसून पुढे जा. पण पिव्हट खोबणीत बसवून हलवल्यावर खडखडत असेल तर नवा पिव्हट घ्या, ग्रीसने झीज भरून येत नाही. पॅनेल ॲक्रिलिकचं असेल तर त्यावर अल्कोहोल पडू देऊ नका, भोकांच्या कडांपासून बारीक तडे जातात. ते साबणाच्या पाण्याने पुसा.

आता वंगण. शिवणयंत्राचं तेल पातळ असतं, ते जागेवर टिकत नाही आणि ओघळून खालच्या स्विचपर्यंत जातं. डब्ल्यूडी-४० तर मुळात ओल हटवायला आणि गंज सोडवायला आहे. असलेलं ग्रीस ते धुऊन काढतं, दोन दिवस स्टिक मऊ वाटते, मग आवाज आधीपेक्षा वाढतो. प्लास्टिकवर चालणारं सिलिकॉन ग्रीस वापरा. स्टिकवाल्यांत शिन-एत्सुचं जी-४०एम जास्त वापरलं जातं. ते नसेल तर प्लास्टिकला सुरक्षित असं स्पष्ट लिहिलेलं दुसरं कुठलंही मध्यम घट्टपणाचं सिलिकॉन ग्रीस चालेल.

किती? अख्ख्या स्टिकला काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढं पुरतं. टूथपिकने पिव्हटच्या गोल भागावर लावा आणि बोटाने पसरवा. पृष्ठभाग नुसता चमकला पाहिजे, पांढरा थर दिसता कामा नये. उरलेलं बोटावरचं पिव्हटच्या भोकातून जाणाऱ्या दांड्याच्या भागावर आणि स्प्रिंगच्या दोन्ही टोकांना. जोडल्यावर बोर्ड बसवण्याआधी वीस-तीस वेळा गोल फिरवा आणि कडांवर बाहेर आलेलं ग्रीस पुसून टाका. ही पायरी गाळली तर तेच ग्रीस पुढे स्विचवर उतरतं.

स्प्रिंग थकली असं वाटलं तर ती ताणून लांब करू नका. ताणलेली स्प्रिंग काही दिवसांत पुन्हा बसते, आणि एका अंगाला कलली तर मध्य हलतो. नवी घाला.

डावाहात

गोळा, नळी, चकती काढूनही आवाज आहे, म्हणजे आतूनच. एक विचारायचं राहिलं. ॲक्चुएटर स्विचच्या पट्ट्यांवर आणि गेटच्या भिंतीवर घासतो. तिथेही ग्रीस लावावं असं बरेच जण सांगतात. लावू का?

पिव्हटचा_पहारेकरी

गेटच्या भिंतीवर अगदी पुसट हात चालतो. चौकोनी गेटच्या कोपऱ्यांत ॲक्चुएटर आदळतो, तिथे झीज कमी होते आणि ठक्क आवाजही थोडा मंदावतो.

तांब्याची_तार

मी गेटवरही लावू नका म्हणेन. ॲक्चुएटर गेटला टेकतो आणि त्याच फेरीत स्विचच्या पट्टीलाही. गेटवर लावलेलं ग्रीस आठवड्याभरात पट्टीवर पोचतं आणि तिथून स्विचच्या बटणाच्या फटीत. सिलिकॉनचा त्रास असा की ते संपर्कांवर गेलं आणि उघड-मीट होताना बारीक ठिणगी पडली तर त्याचं सिलिकामध्ये रूपांतर होतं, आणि सिलिका वीज वाहू देत नाही. म्हणूनच स्विच बनवणारे आसपास सिलिकॉन नको म्हणून ताकीद देतात. ५ व्होल्टच्या एन्कोडरमध्ये ठिणगी नगण्य असते हे खरं. पण तेलकट थरावर चिकटणारी धूळ तेवढंच नुकसान करते, कारण इतक्या कमी विजेत तो थर जळून साफ होत नाही.

स्विच बदलायची वेळ आली तर हेच ध्यानात ठेवा. १५-१६ अँपिअर क्षमतेचा स्विच जास्त दणकट दिसतो, पण त्याचे चांदीचे संपर्क मोठ्या विजेसाठी असतात. काही मिलिअँपिअरवर त्यांचा काळवंडलेला थर तुटत नाही आणि दिशा अधूनमधून हरवते. कमी विजेसाठी सोन्याचा मुलामा असलेले संपर्क घ्या.

स्विचच्या आत काही सोडायचं का, या मूळ प्रश्नाचं उत्तर: नाही. संपर्क साफ करणारा स्प्रे तात्पुरता गुण देतो, पण बाहेरची घाणही आत नेतो. खराब झालेला स्विच बदलायचा. जेएलएफमध्ये चारही स्विच एकाच बोर्डावर असतात, सोल्डरिंग जमत नसेल तर टीपी-एमए हे अख्खं बोर्डच बदलता येतं.

चौथं_नाणं

सान्वाचं सगळं वर आलंच आहे. दुसऱ्या प्रकारच्या स्टिक घेऊन हा धागा वाचणाऱ्यांसाठी थोडं लिहितो, कारण हीच कृती सगळीकडे लागू होत नाही.

हॅप कंपनीच्या काँपिटिशन प्रकारच्या स्टिकमध्ये चार सुटे मायक्रोस्विच असतात. संशयित स्विचच्या वायरी समोरच्या स्विचवर लावून बघा. स्क्रीनवर दोष दिशा बदलून आला तर स्विच खराब, त्याच दिशेला राहिला तर वायर किंवा बोर्ड. वायरीच्या टोकाची क्लिप काढताना पक्कड क्लिपच्या धातूवर धरा, वायरीला ओढलं तर आतून तुटते आणि वरून दिसत नाही. या स्विचना बहुधा ४.८ मिमी रुंद क्लिप लागतात, सान्वाच्या बटणांना २.८ मिमी. नवा स्विच लावताना वायरी सामाईक आणि 'नेहमी उघडा' या दोन टोकांनाच गेल्यात ना ते पाहा. तिसऱ्या टोकाला गेली तर ती दिशा कायम दाबलेली राहते.

कोरियन स्टिकमध्ये स्प्रिंगच्या जागी रबरी कडं असतं, आणि तिथे ग्रीसची निवड चुकली तर कडं वाया जातं. साध्या रबराला खनिज तेलाचं ग्रीस फुगवतं, आणि कडं सिलिकॉन रबराचं असेल तर सिलिकॉन ग्रीस त्यालाच फुगवतं. त्यामुळे कड्याला काहीच लावायचं नाही. फक्त दांडा जिथे प्लास्टिकला घासतो तिथे, तेही कड्यापासून दूर. कडं कडक होऊन मध्यावर ढिलं वाटायला लागलं की बदलायचं.

पट्टी-संपर्काच्या, म्हणजे मायक्रोस्विचऐवजी धातूच्या उघड्या पट्ट्या एकमेकींना टेकणाऱ्या, जुन्या स्टिक असतील तर सँडपेपर नको, मुलामा निघून जातो. जाड, स्वच्छ कागदाची पट्टी अल्कोहोलात भिजवून संपर्कांच्या मध्ये घाला, पट्ट्या हलक्या दाबून कागद बाहेर ओढा, कागद काळा यायचा थांबेपर्यंत. शेवटी एकदा कोऱ्या कागदाने.

मोठ्या आर्केड कॅबिनेटमध्ये हे करताना मुख्य वीज काढा, नुसतं बटण बंद करून भागणार नाही. जुन्या काचेच्या ट्यूबचा मॉनिटर असेल तर वीज काढल्यावरही त्यात जीवघेणा विद्युतदाब साठलेला असतो, मागच्या बाजूला हात घालू नका. कंट्रोल पॅनेल पुढून उघडून काम करा.

डावाहात

गेटवर लावत नाही मग. शेवटचा प्रश्न ई-क्लिपचा. काढताना ती थोडी फाकते असं वाचलं. तीच परत वापरायची का?

पिव्हटचा_पहारेकरी

बसवताना किंचित 'टक' आवाज होऊन घट्ट बसली तर वापरा. परीक्षा अशी: बसवल्यावर नखाने बाजूला ढकलून बघा. सरकली किंवा दांड्यावर सैल फिरली तर नवी घाला, पक्कडीने दाबून लहान करू नका, ती पुढे खेळताना उडते आणि सुटलेला तुकडा स्विचच्या बोर्डावर पडतो. नवी घेताना दांड्याचा नाही, खाचेचा व्यास मोजायचा. व्हर्निअर कॅलिपरने मोजा आणि त्याच मापाची स्टेनलेस स्टीलची घ्या. बसवताना ॲक्चुएटर पूर्ण आत दाबा, खाच अख्खी उघडी दिसली की मगच क्लिप आडवी सरकवा. खाच अर्धीच दिसत असताना जोर लावला तर नवी क्लिपही फाकते.