धडधाकट रिसीव्हर काढून नवा घेतला तर आवाज खरंच सुधारतो का?

अनाहत (मूळ मत)

ज्याचा ५.१ रिसीव्हर (घरच्या थिएटरचे पाच स्पीकर आणि बेसचा एक सबवूफर चालवणारा अँप्लिफायर) धडधाकट आहे त्याने केवळ 'आवाज सुधारेल' म्हणून तो बदलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

विषय निघाला तो धाकट्या भावामुळे. त्याचा रिसीव्हर दहा-बारा वर्षांपूर्वीचा, एचडीएमआय १.४ चा, म्हणजे चित्र-आवाजाच्या जोडणीच्या जुन्या आवृत्तीचा. आता घरी ५५ इंची फोर-के टीव्ही आला आणि हा दुकानात जाऊन नवा ९.२ चा रिसीव्हर ऐकून आला. "दादा, जमीन-अस्मानाचा फरक आहे." असेलही. पण दुकानातली खोली वेगळी, स्पीकर वेगळे, व्हॉल्यूम वेगळा. मग त्या फरकातला रिसीव्हरचा वाटा किती, हे तो कशावरून सांगणार?

आवाजाच्या पातळीत अर्ध्या-एक डेसिबलचा फरक असला तर तो कानाला 'मोठा' म्हणून कळत नाही. 'स्वच्छ', 'भरीव', 'मोकळा' म्हणून कळतो. म्हणून दोन अँप्लिफायरची तुलना करायची तर आधी स्पीकरच्या टर्मिनलला व्होल्टमीटर लावून पातळी ०.१ ते ०.२ डेसिबलच्या आत जुळवावी लागते. त्यातही समोर काय वाजतंय हे ऐकणाऱ्याला दिसता कामा नये. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनी-संशोधकांनी १९९४ साली हेच दाखवलं. तेच लोक, तेच स्पीकर, पण स्पीकर डोळ्यांसमोर असताना दिलेले गुण आणि पडद्याआड असताना दिलेले गुण वेगळे आले. आणि त्यांचे श्रोते काही नवशिके नव्हते.

वॅटचंही तसंच. ८० वॅटच्या जागी ११० वॅटचा आणला तर मिळतात जेमतेम १.४ डेसिबल. खोक्यावरचा तो आकडासुद्धा बहुतेक वेळा दोनच चॅनल चालू असताना मोजलेला असतो.

खरी अडचण खोलीची आहे. भावाचा हॉल १२ बाय १० चा. १२ फुटांच्या लांबीत ४७ हर्ट्झच्या आसपास आणि १० फुटांच्या रुंदीत ५६ हर्ट्झच्या आसपास लहरी अडकून राहतात. त्यामुळे सोफ्याच्या एका टोकाला बेस घुमतो आणि मधल्या जागेवर तोच बेस गायब होतो. यावर फुकटातला उपाय आहे. सबवूफर उचलून सोफ्यावर, आपण बसतो त्या जागी ठेवायचा. बेस गिटारचा एखादा तुकडा पुन्हा पुन्हा वाजत ठेवायचा आणि आपण भिंतीकडेने रांगत फिरायचं. जिथे प्रत्येक सूर सारख्याच जोराने, सुटा ऐकू येईल तिथे खडूने खूण करायची आणि सबवूफर तिथे आणायचा. एवढं केल्याशिवाय कुणी रिसीव्हरवर लाखभर रुपये घालू नयेत.

तिसरी घंटा

अनाहत, व्होल्टमीटरपर्यंतचं सगळं मान्य. निष्कर्ष अजिबात मान्य नाही. खोली हीच खरी अडचण असेल, तर त्या खोलीवर काम करणारं यंत्र रिसीव्हरमध्येच बसवलेलं असतं आणि गेल्या दहा वर्षांत सर्वांत जास्त सुधारणा नेमकी तिथेच झाली आहे.

भावाच्या रिसीव्हरवर ऑडिसीची (माइकने खोली मोजून आवाज दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरची) कोणती आवृत्ती आहे ते बघा. प्राथमिक २ईक्यू असेल तर ती सबवूफरला हातच लावत नाही. म्हणजे ४७ आणि ५६ हर्ट्झचा जो घोळ तुम्ही सांगताय, त्यावर तिचा काडीचा उपयोग नाही. मल्टीईक्यू एक्सटी३२ आठ जागांवरून मोजते आणि सबवूफरसाठी बारीक फिल्टर लावते. डिरॅक लाइव्ह हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर असेल तर किती हर्ट्झपर्यंत दुरुस्ती करायची तेही आपण ठरवू शकतो. मी माइक ट्रायपॉडवर कानाच्या उंचीला लावते, पंखा आणि फ्रिज बंद करते, घरातल्यांना दहा मिनिटं गप्प बसवते आणि मोजणी चालवते. त्यानंतर तबल्याचा बायाँ ऐकावा! घिस्सा कुठे सुरू झाला, कुठे विरला, सगळं कळतं. आधी नुसती घूं ऐकू यायची. हा फरक डोळ्यांचा नाही.

दुसरा मुद्दा डॉल्बी अॅटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही आवाज देणारी पद्धत. ते घरगुती रिसीव्हरमध्ये आलं २०१४ ला. भावाच्या यंत्रात ते नाहीच आणि कुठल्याही जोडणीने येणार नाही. डोक्यावरून जाणारा पाऊस किंवा विमान ऐकायचं असेल तर वर स्पीकर हवेत आणि ते चालवणारा रिसीव्हर हवा. इथे 'आवाज सुधारत नाही' हे म्हणणं टिकत नाही.

अनाहत

दुरुस्तीलाही मर्यादा आहे, तेवढी सांगतो. घुमणारा बेस फिल्टरने खाली आणता येतो. पण जिथे लहरी एकमेकींना खोडून टाकतात त्या जागी बेस वाढवायला गेलात तर अँप्लिफायर दमतो आणि खड्डा तसाच राहतो. तो भरायचा तर सबवूफर हलवा नाहीतर दुसरा आणा. म्हणून पैसे असतील तर आधी दुसरा सबवूफर, मग रिसीव्हर.

अॅटमॉसचं म्हणाल तर ओटीटीवरचं अॅटमॉस डॉल्बी डिजिटल प्लस या दाबून लहान केलेल्या स्वरूपात येतं, नेटफ्लिक्सवर जास्तीत जास्त ७६८ केबीपीएसने. तो आवाज वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण ब्लू-रे डिस्कवरच्या ट्रूएचडीशी, म्हणजे काहीही न गाळलेल्या आवाजाशी, त्याची बरोबरी करू नका. आणि गंमत म्हणजे डिस्कवरचा ट्रूएचडी भावाचा जुना रिसीव्हर आजही उलगडतो. वरचे चॅनल तेवढे खालच्यांत मिसळून येतात.

डोंबिवलीकर

दोघेही आवाजावरच भांडताय. भावाने टीव्ही फोर-के घेतलाय, चित्राचं कोण बोलणार?

एचडीएमआय १.४ मधून फोर-के सेकंदाला ३० फ्रेमच्या पुढे जात नाही. एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणारं चित्र) आलं २०१५ च्या एचडीएमआय २.०ए मध्ये. शिवाय जुन्या रिसीव्हरमध्ये एचडीसीपी २.२ (नक्कल रोखणारं डिजिटल कुलूप) नसेल तर ओटीटीची काडी (स्टिक) त्यातून नेल्यावर फोर-के मिळतच नाही, चित्र १०८०पी वर उतरतं किंवा पडदा काळा. म्हणून काडी आणि सेट टॉप बॉक्स सरळ टीव्हीला लावा आणि एआरसीने, म्हणजे टीव्हीतला आवाज त्याच एचडीएमआय तारेतून उलटा पाठवण्याच्या सोयीने, आवाज रिसीव्हरला परत द्या. चित्राचा प्रश्न तिथेच मिटला. त्यासाठी नवा रिसीव्हर लागत नाही. धड चालणारा रिसीव्हर डिजिटल चित्र आहे तसं पुढे पाठवतो. 'या कंपनीच्या रिसीव्हरमधून रंग जास्त खुलतात' असं दुकानदार सांगत असेल तर रिसीव्हरमधली चित्र-प्रक्रिया बंद करून दाखवा म्हणावं.

मुळात फोर-के दिसतंय का, हेही तपासा. ५५ इंची टीव्हीवर फोर-केचा एक ठिपका साधारण ०.३२ मिलिमीटरचा. निरोगी डोळ्याची सर्वसाधारण क्षमता धरली तर तो सुटा दिसायला साडेतीन फुटांवर बसावं लागतं. १०८०पी चा ठिपकासुद्धा सात फुटांपलीकडे सुटा दिसत नाही. भावाचा सोफा नऊ फुटांवर असणार. तिथून त्याला जो फरक दिसतोय तो एचडीआरचा आणि रंगांचा, बारकाव्यांचा नाही. टीव्ही 'व्हिव्हिड'वरून काढून सिनेमा किंवा फिल्ममेकर मोडवर टाका. पहिले दोन दिवस चित्र पिवळट वाटेल, मग कातडीचे रंग खरे वाटू लागतील.

तरीही माझं मत नव्या रिसीव्हरच्या बाजूने, पण कारण वेगळं आहे. जुन्या एआरसीत ओठ आणि आवाज यांचा मेळ चुकतो तेव्हा घरातल्या ज्येष्ठांना ते सांगताही येत नाही. ते नुसते उठून जातात. ईएआरसी या नव्या आवृत्तीमध्ये हा मेळ जुळवण्याची सोय सक्तीची आहे. एका रिमोटवर सगळं चालू झालं पाहिजे आणि आईला फोन न करता मालिका लावता आली पाहिजे. घरात रोज वापरायच्या वस्तूचा हाच पहिला निकष आहे.

रातराणी

डोंबिवलीकर दादा, ज्येष्ठांचा विषय काढलात म्हणून लिहिते. आमच्याकडे बाबांची एकच तक्रार असते, "संगीत ऐकू येतं, माणसं काय बोलतात ते नाही." यावर वरच्या कुणीच काही लिहिलेलं नाही, आणि माझ्या मते घरोघरी तक्रार हीच आहे.

सिनेमाचे बहुतेक संवाद सेंटर स्पीकरमधून येतात आणि आपल्याकडे तो शोकेसच्या कप्प्यात, देवीच्या मूर्तीच्या आणि फोटोफ्रेमच्या मागे ढकललेला असतो. आवाज कप्प्यातच घुमतो. मी तो फळीच्या अगदी कडेला ओढला, पुढच्या बाजूखाली रबरी बूच ठेवून तोंड बाबांच्या कानाकडे वर केलं, आणि रिसीव्हरमध्ये सेंटर ३ डेसिबल वाढवला. रात्री डायनॅमिक रेंज कमी करणारा मोड लावते, म्हणजे स्फोटाला दचकायला होत नाही आणि कुजबुजही कळते. हे सगळं जुन्या रिसीव्हरमध्ये आहे, आणि त्यासाठी माइक लागत नाही की पीओपी फोडावं लागत नाही. डोक्यावरच्या पावसाआधी माणसाचं बोलणं. पैसे घालायचेच तर आधी चांगल्या सेंटर स्पीकरवर घाला.

तिसरी घंटा

रातराणी, सेंटरचं शंभर टक्के पटलं. तरी दुरुस्तीच्या मुद्द्यावरून मी हटणार नाही. कप्प्यातला तो घुमारा मोजणीत दिसतो आणि चांगली आवृत्ती तो बराचसा कापते.

अनाहत, तुम्हाला पुरावा हवाय ना? मग दुकानात नको, भावाच्याच हॉलमध्ये घेऊ. त्याचेच स्पीकर, ओळखीच्या कुणाकडून आणलेला नवा रिसीव्हर, तुमचा व्होल्टमीटर. तारा बदलेल तो तिसराच माणूस, आणि दोन्ही यंत्रांवर चादर. वाजवायचं काय ते भावानेच निवडावं.

अनाहत

कबूल. पण ओटीटी आणि डिस्क एकमेकांसमोर लावायची नाही. दोन्हींत डायलनॉर्मची (संवादाची पातळी सांगणाऱ्या नोंदीची) किंमत वेगळी असली तर पातळी आपोआप काही डेसिबलने बदलते आणि सगळी जुळवाजुळव वाया जाते. एकच स्रोत, एकच ट्रॅक.

पहिली फेरी दोन्हीकडची दुरुस्ती बंद ठेवून. त्यात भावाला नवा-जुना ओळखता आला तर नुसत्या अँप्लिफायरमुळे आवाज बदलत नाही हे माझं म्हणणं मागे घेईन. दुसरी फेरी दुरुस्ती चालू करून, आणि तिच्यात तुम्ही जिंकाल असं मलाही वाटतं. पण त्या फेरीआधी सबवूफर खडूच्या खुणेवर नेलेला असेल, दारामागच्या कोपऱ्यात नाही.